सिंहाच्या तोंडावरची पाटी

दगड पूर्वीही बोलायचे आणि माणसं पूर्वीही ऐकायची नाहीत. एका गावच्या जुन्या चर्चच्या दारावर दगडी कमान होती आणि कमानीच्या माथ्यावर कोरलेला सिंह. पाचशे पावसाळे झेलूनही त्याच्या आयाळीचा एक केस झिजला नव्हता. एका वर्षी गावाने चर्चला रंग दिला आणि कमिटीने स्वतःच्या बारा नावांची संगमरवरी पाटी आणली. इनास गवंड्याने ती नेमकी सिंहाच्या तोंडावर धरून ड्रिल लावलं.

सिंह खवळला. “अरे, एवढी भिंत कमी पडली का? मला घडवणाऱ्याने कोपऱ्यातसुद्धा आपलं नाव टाकलं नाही. तुम्ही नुसता रंग फासलात आणि बारा नावं?”

पाटी फणकारली, “म्हणून तर त्याला कुत्रं विचारत नाही. माझी नावं जग वाचेल!”

चार भोकं पडली. पुढच्याच पावसाळ्यात स्क्रू गंजले आणि पाटी निखळली. इनासने ती दाराशेजारच्या भिंतीत बसवली.

आता मिस्साच्या प्रार्थनेला आलेली पोरं वर बघून विचारतात, “सिंहाच्या तोंडाला भोकं कुणी पाडली?”

म्हातारी कार्मेलीन काठीने पाटी दाखवते.

“वाचा की! बाराच्या बारा मेल्यांची नावं आहेत तिथं.”