प्रेसला कुंकू

बागलशेठनी स्टीलच्या ताटल्यांचा छोटा कारखाना नुकताच विकत घेतला होता. हात वाचवणारी जाळी बसवा म्हणून, पत्रा दाबून ताटली काढणारा प्रेस चालवणारी हौसाबाई रोज त्यांच्या मागे लागायची. शेठचं उत्तर ठरलेलं. "जाळीनं काम मंदावतं. लक्ष ठेवून हात घालायचा, झालं!"

खंडेनवमीला यंत्रांची पूजा होती. शेठ कुंकवाची वाटी घेऊन प्रेसपाशी आले आणि दचकून थांबले. "अरे, मेन स्विच बंद केलाय ना?"

"केलाय की," हौसाबाई म्हणाली. "पण शेठ, तुम्हाला एकदाच बोट लावायचंय, तेही लक्ष ठेवून. आम्ही दिवसाला हजारदा हात घालतो, चालू प्रेसमध्ये."

शेठ ओशाळले, मग खदखदून हसले. दिवाळीआधी जाळी बसली. पुढच्या खंडेनवमीला पहिलं कुंकू शेठनी जाळीलाच लावलं.