वाघाची मिशी

"आजी, तुझ्या थट्टेपायी आता आपण सगळे मरणार," हरिणी म्हणाली.

आटपाट रानातला जुना रिवाज असा, की पाण्याला तोंड लावण्याआधी सगळ्यांनी डोळे मिटून वाघाचं स्तोत्र म्हणायचं: 'वाघोबा, तुझी छाया, आम्हांवर तुझी माया.' त्या सकाळी म्हातारी सायाळ खणखणीत आवाजात म्हणाली, 'वाघोबा, तुझी मिशी, माझ्या नातवाची उशी.' पाडसं फिसकन हसली. हसताना त्यांचे डोळे उघडले, तर समोरच्या झुडपात वाघ दबा धरून बसलेला. सगळेच जीव घेऊन पळाले.

आता करवंदीच्या जाळीत भांडण जुंपलं होतं, आणि बाहेर पाचोळा हळूहळू वाजत होता.

"जा, पाया पड त्याच्या," ससा कुजबुजला. "खरं स्तोत्र म्हण. वाडवडील म्हणत आले, ते काय खुळे होते?"

सायाळीचे काटे ताठ उभे राहिले.

"म्हणते की. पण हरिणी, आधी तू सांग, परवा तुझ्या अंगाला अंग लावून तुझी थोरली खरं स्तोत्रच म्हणत होती ना, मग डोळे उघडलेस तेव्हा ती तुझ्या शेजारी होती का?"