धुरपदाची भिंत

ही गोष्ट फार जुनी. काळखड गावाच्या डोक्यावर तळं होतं, पण जादा पाणी काढून द्यायला तळ्याला सांडवा नव्हता, त्या काळातली. तळ्याच्या कडेला धुरपदा कुंभारीण राहायची. एकदा भर उन्हाळ्यात अवकाळी सर आली आणि तिची वाळत घातलेली शंभर मडकी चिखल झाली. धुरपदा अशी पेटली म्हणता! या आभाळाला एकदा नीट ओळखूनच घेते, म्हणाली.

तिनं सरळ पोटाचं भांडं घडवलं आणि अंगणात उघड्यावर ठेवलं. रोज सकाळी त्यातलं पाणी बोटांनी मोजायचं, भांडं रितं करायचं आणि जितकी बोटं तितक्या चुन्याच्या रेघा भिंतीवर ओढायच्या. ऊन मोजायची तिची तऱ्हा तर ऐका. दुपारी ओल्या मातीची गोळी उन्हात ठेवायची आणि ती वाळेपर्यंत ओव्या म्हणायच्या. ओव्या थोड्या झाल्या तर ऊन कडक, मग गेरूच्या रेघा जास्त. वैशाखात एक ओवी पुरी व्हायच्या आत गोळी तडकायची, असं म्हणतात.

गावाची समजूत अशी, की आभाळातून येईल ते मोजू नये, मोजलं की आटतं. त्यामुळे आर्द्रात पावसानं दडी मारली तेव्हा रखमाजी पाटलानं तिचं भांडं फोडायला माणसं धाडली. पण कुंभाराच्या घरी मडक्याला काय तोटा? दुसऱ्या दिवशी तस्संच भांडं अंगणात. सात वेळा फोडलं आणि सात वेळा आलं, असं म्हणतात. वर्ष सरलं तेव्हा निम्मी भिंत रेघांनी भरून गेली होती.

पुढच्या साली ऊन मऊ गेलं, तळं निम्मंसुद्धा आटलं नाही. वर पाऊसही धो धो लागला. मघा नक्षत्र संपताना धुरपदानं दोन्ही सालच्या रेघा ताडून पाहिल्या. ती धावतच चावडीवर गेली, तळ्याचं पाणी आताच काढून द्या म्हणाली. पाटील हसला. तळं दरसाल भरतंच की, म्हणाला.

"पाटील, आता चार बोटं पडली तरी पानी बांधावरनं जाईल," धुरपदा म्हणाली. "आता लागतंय त्या पूर्वा नक्षत्रात गेल्या साली एका दिसात बारा पडली हुती. बांध फुटला तर गाव ऱ्हात न्हाई."

तो दिवस पाटलालाही आठवत होता. त्याची बैलजोडी त्याच दिवशी ओढ्यातून वाहून गेली होती. तो कुदळ घेऊन उठला.

पण पाणी काढायचं कुठून? ओढ्याकडे उतार एकाच बाजूला, आणि नेमकं तिथंच धुरपदाचं घर. माणसं थबकली. धुरपदानं पाटलाच्या हातून कुदळ घेतली.

"भिंत जाऊ द्या. म्या पुन्ना पयल्या रेघंपासनं धरीन."

पहिला घाव तिनंच घातला. काय राबलं गाव तेव्हा! चर पुरा झाला आणि आभाळ फाटलं. पाणी गर्जत चरातून ओढ्याला गेलं, गावात थेंब शिरला नाही. त्या लाल-पांढऱ्या रेघा पाण्यावर तशाच्या तशा तरंगत गेल्या, असं म्हणतात.

काळखडात दिवाळीला आजही सगळं घर रंगवतात, पण अंगणाकडची एक भिंत रेघांसाठी सोडतात. आणि मृगाच्या आदल्या दिवशी गावचं पाऊस मोजायचं भांडं घडवायचा मान पाटलाच्या घराण्याचा असतो. ते हमखास वाकडं होतं, गाव पोट धरून हसतं, आणि सरळ जमेपर्यंत पाटलाला चाकावरून उठू देत नाही.