मुठीचा सडा

पावसात वाहूनच जाणार असेल, तर माती वर न्यायची कशाला? हे मी वाड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं, शाळा सोडण्याआधी गुरुजींना विचारलं, सहलीला येणाऱ्या कॉलेजच्या मॅडमना विचारलं. म्हातारे म्हणाले, रीत आहे. गुरुजी म्हणाले, पाढे म्हण. मॅडम नुसत्या हसल्या.

धनगरवाड्याच्या वर दीड तास चढलं की हा सडा लागतो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ. सगळीकडे काळा दगड, आणि बरोबर मध्ये दगड रचलेल्या बुटक्या कुंपणात, म्हणजे गडग्यात, अंगणाएवढी माती. तिच्यात भाद्रपदात वीतभर उंचीची जांभळी फुलते. मॅडमकडे तिचं लांबलचक नाव आहे, ते माझ्या जिभेवर बसत नाही. आम्ही जांभळीच म्हणतो.

रानातली झाडं बघायला कॉलेजची मुलं दरवर्षी येतात. त्यांना माझी थोरली बहीण कांचन आणायची. मी तिला अक्का म्हणायचो. ती त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. चढण्याआधी ती प्रत्येकाला खालची मूठभर माती घ्यायला लावायची. वर नमुना म्हणून रोप उपटलं, तर मुळांची माती तिथंच झटकायची आणि आपली मूठ त्यात टाकायची. रोप मग वर्तमानपत्राच्या घडीत जायचं.

एकदा एक मुलगा म्हणाला, "ताई, माझ्या बुटांना पाव किलो लागलीय. ती चालेल का?"

"चालेल की," अक्का म्हणाली. "बूट काढ, झटक आणि तसाच अनवाणी खाली चल."

मग ती गडग्याजवळ बसून गोष्ट सांगायची. आता मी सांगतो.

फार पूर्वी वाड्यावर चिमा आणि रायबा ही बहीणभावंडं राहत. आईबाप नव्हते. एका पावसाळ्यात चिमाला ताप भरला, तो उतरेना. वाड्यावरच्या एका म्हातारीने सांगितलं, "सड्यावर जांभळी आहे. एक मूळ आण. एकच पुरे." रायबा धावत गेला. तेव्हा म्हणे सगळा सडा मातीने झाकलेला होता आणि जांभळीने भरलेला. रायबाला वाटलं, एका मुळाने उतरणारा ताप सगळ्या मुळांनी लवकर उतरेल. दिवसभर खपून त्याने होती नव्हती तेवढी जांभळी उपटली आणि घोंगड्यात बांधून आणली.

चिमा बरी झाली. मुळं गेली तशी सड्यावरची माती सुटली आणि उरलेल्या पावसात वाहून गेली. खाली कातळ निघाला.

पुढच्या वर्षी शेजारच्या धुळाबाईच्या लेकीला तोच ताप आला. लोक वर जाऊन रिकामे परतले. धुळाबाई चिमाच्या दारात आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "एखादं तरी राहिलंय का गं?" तिसऱ्या दिवशी लेक गेली.

चिमाने त्या घोंगड्याची वीण उसवली. आत चार बिया अडकलेल्या सापडल्या, असं सांगतात. त्या पेरायला वर माती नव्हती. तिने शपथ घेतली, की जीव आहे तोवर रोज एक मूठ माती वर न्यायची. रोज नेली. पावसाने धुतली, परत नेली. भोवती दगड रचून त्या बिया पेरल्या, तरी माती धुतली. रायबा म्हणाला, "अगं, जातंय सगळं वाहून. कशाला मरतेस?" तिने म्हणे मूठ भरली, पदर खोचला आणि चालू लागली.

अशी बारा वर्षं गेली. एका सकाळी चिमाला उठवेना. तिने मूठ भरून रायबापुढे धरली. त्या दिवशी पहिल्यांदा तो माती घेऊन चढला. वर गडग्यात एक जांभळं फूल होतं. सांगायला तो धावत खाली आला. तो पोचला तेव्हा ती होती की नव्हती, हे दोन तोंडांनी दोन तऱ्हांनी सांगतात.

गोष्ट इथं संपते. पण अक्काचं सांगायला हवं. तुम्ही सगळे तिचं विचारता.

गेल्या भाद्रपदात तिला ताप आला. उपकेंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या, ताबडतोब तालुक्याला न्या. जांभळीत औषध आहे असं अजून ठरलेलं नाही, हे अक्कानेच मला कितीदा सांगितलं होतं. चौघांनी तिला डोलीत घातलं. मीही एक खांदा द्यायला हवा होता. मी सड्यावर पळालो. एकच घ्यायचं, हे ठाऊक होतं. अकरा उपटली, मुळांसकट, माती न झटकता. खाली आलो तर डोली अर्ध्या वाटेवरून परत आली होती.

इथं तोंडं दोन नाहीत. ती नव्हती.

आजही सड्यावर मूठ घेतल्याशिवाय कोणी चढत नाही. आजही पाऊस माती नेतो आणि गडग्यात जांभळी असते. यंदा उजव्या कोपऱ्यात थोडी विरळ दिसेल, ती माझ्यामुळे.

तेरावा झाल्यावर मी अक्काची सहलीची पिशवी खुंटीवरून काढली. आत भिंग होतं, वर्तमानपत्रं होती आणि एक गाठ मारलेला रुमाल. पुढच्या खेपेची माती तिने आधीच बांधून ठेवली होती, आमच्या अंगणातली. ती अकरा रोपं मी ओल्या फडक्यात ठेवली होती. ती आणि रुमाल घेऊन वर गेलो. रोपं होती तिथं लावली. गाठ घट्ट होती, दातांनी सोडवावी लागली. माती मुळांशी टाकली, दाबली आणि रुमाल तिथंच झटकला.