टाकीच्या झाकणाचा टिळा

घरे चाकांवर फिरू लागली, त्या काळची ही गोष्ट. दसऱ्याच्या पूजेनंतर एका फिरत्या घराचे डिझेल इंजिन प्रत्येक घाटात गुदमरून बंद पडू लागले. गाळणी बदलली, पंप बदलला, अखेर धनी वैतागून म्हणाला, "आता हे इंजिन टाकीसकट भंगारात!"

"दोष या नव्या पंपाचाच!" टाकीचे झाकण गरजले.

"काल तोच दोष गाळणीचा होता," पंप त्रासून म्हणाला. "अरे शहाण्या, तुझ्या छिद्रातून हवा आत आली नाही, तर डिझेल बाहेर कसे येणार?"

"छिद्रावर पूजेचा टिळा सुकला आहे," झाकण ताठ्याने म्हणाले. "तो पुसणे म्हणजे अधर्म!"

"राहू दे," इंजिन धापा टाकत म्हणाले. "भंगारवाला टिळ्यासकट वजन करील."