टेक म्हणजे घेणे

एका गावात एक भोळा गडी होता, धाकू नावाचा. गाव समुद्राकाठचं. तिथल्या आप्पा खोतांनी पाहुण्यांसाठी घरात खोल्या काढल्या आणि धाकूला कामावर ठेवून पाहिलं. कायम झाला तर शेजारच्या गावची सुमती त्याला मिळणार होती. तिच्या बापाची तशी अटच होती.

पहिली पाहुणी आली ती गोरी मॅडम. आप्पांनी घाईघाईनं इंग्रजी शिकवलं. "टेक म्हणजे घेणे. एवढं आलं की भागतं."

मॅडमनं धाकूच्या हाती आपला मोबाइल दिला आणि ओसरीत ऐटीत उभी राहिली. "टेक अ फोटो." धाकूनं भिंतीवरचा आप्पांच्या वडिलांचा फोटो हारासकट काखेत घेतला.

आप्पांनी कपाळावर हात मारला. "मेल्या, टेक म्हणजे मोबाइल समोर धरायचा नि बटण दाबायचं."

तसं आपल्याकडेही माणूस भात खातो, मार खातो आणि हवाही खातो. पण धाकूच्या डोक्यात एका शब्दाला एकच खोली होती. नवा पाहुणा आला की जुन्याला निघावं लागे.

संध्याकाळी मॅडमनं मायेनं खुर्ची पुढे केली. "टेक अ सीट, धाकू." धाकूनं खुर्चीचा फोटो काढला. मॅडम वाट पाहत राहिली, म्हणून मागच्या बाजूनंही काढला.

टेक म्हणजे त्याच्यावर बसायचं, गाढवा, असं आप्पांनी समजावलं.

निघायच्या दिवशी मॅडमनं पिशवीकडे बोट दाखवलं. "टेक माय बॅग." धाकू पिशवीवर मांडी घालून बसला. आत पिकलेले हापूस होते.

आता मात्र आप्पांचा आवाज चढला. "टेक म्हणजे उचलायचं नि मॅडमच्या गाडीत नेऊन ठेवायचं. त्या खुशीत गेल्या तर तू कायम. नाहीतर जा गुरं राखायला, नि सुमतीला विसर."

सुमती त्याला खरंच हवी होती. त्यानं निथळती पिशवी, ट्रंक, छत्री, सगळं जपून गाडीत ठेवलं. मॅडमचा राग मावळला. ती गाडीत बसली, काच खाली केली आणि हसून म्हणाली, "धाकू, टेक केअर."

धाकूनं अंगणात पाहिलं. सकाळचा केर टोपलीत भरून ठेवलेला होता. नारळाची सोडणं, माशांची खवलं, रात्रीच्या जेवणातले माशांचे काटे. परदेशात याचं काय करतात, ते त्याला कळेना. पण या खेपेला चुकून चालणार नव्हतं, म्हणून त्यानं विचारून घेतलं, "सगळा?"

मॅडमनं प्रेमानं मान डोलावली. "यस, यस."

धाकूनं टोपली उचलली, गाडीचं दार उघडलं आणि केर आत ओतला. सीटवर मावेना, तो मॅडमच्या मांडीवर ठेवला. मग हात झटकून तो आप्पांकडे वळला.

"आप्पा, आता मी कायम ना?"