येसूचं रान आणि राजाचा हत्ती

एका राजाकडे हत्ती होता, पण त्या हत्तीला डुंबायला तळंच नव्हतं. मग राजानं दवंडी पिटली, ज्याचं रान रिकामं दिसेल तिथं तळं खणायचं.

गावाबाहेर येसूचं रान होतं. खोलगट. पाऊस झाला की पाणी तुंबायचं आणि वांगी कुजायची. वांगीच का? तर गावाची रीतच तशी, बरं का. एका घरानं एकच भाजी लावायची. येसूचं माहेर मुळ्याचं, सासर वांग्याचं. सुनेनं माहेरचं बी सासरी पेरलं तर घराला बट्टा लागतो म्हणे. कुणी ठरवलं कोण जाणे.

येसूचा नवरा दूर फौजेत. घरी ती आणि सासू, दोघीच. रान गेलं तर खायचं काय? येसू बांधावर बसून रडली. मग काय झालं, कुजता कुजता वाचलेलं एक वांग्याचं रोप चक्क बोलायला लागलं.

“बाई, माझे पाय भिजलेत. मला जरा उंचावर बसव.”

मग येसूनं चर खणले, माती वर ओढली, शेणखत मिसळलं आणि उंच उंच गादीवाफे केले. वर नवी रोपं लावली. पाणी चरातून मुकाट निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी रोप म्हणालं, “मला वाढायला वेळ लागेल. तोवर शेजार दे.” मग येसू माहेरी गेली आणि पदरात मुळ्याचं बी बांधून आली. सासू कडाडली, “वांग्याच्या घरात मुळा? लोक तोंडात शेण घालतील.”

“आत्याबाई, आधी रान तर राहू द्या,” येसू म्हणाली, आणि तिनं बी पेरलं.

तिसऱ्या दिवशी रोप म्हणालं, “कडा रिकाम्याच की गं.” मग येसूनं शेजारणीकडून मूठभर मेथी आणून कडांना पेरली. सासूनं बोलणंच टाकलं.

मग राजा आला, मागं हत्ती. बघतो तर कडेनं हिरवीगार मेथी. रान काही रिकामं नाही, परत गेला. पुन्हा आला, तर मेथी बाजारात गेलेली आणि वाफ्यावर पांढरेशुभ्र मुळे. हत्तीनं एक उपटून पाल्यासकट खाल्ला, लबाड कुठला. तिसऱ्यांदा आला, तर वांग्यांनी झाडं वाकलेली. इतरांची टोपली बाजारात जायची एकदा, येसूची गेली तीनदा. घरात पैसा खुळखुळायला लागला.

राजानं विचारलं, “हे रान कुणाचं?”

येसू लाजून मागं सरली. मग सासूनं पदर खोचला आणि ती थेट हत्तीसमोर जाऊन उभी राहिली.

“माझ्या सुनेचं,” ती म्हणाली. “मुळ्याच्या घरची लेक आहे ती. मी अडवत होते, महाराज. तिनं ऐकलं नाही, म्हणून हे रान राहिलं. तळं दुसरीकडे बघा.”

येसूला वाटलं, आपण त्या हत्तीएवढ्या झालो.

राजा हसला आणि त्यानं वाड्यामागच्या बागेत तळं खणलं. मग गावानंही गादीवाफे केले, एकमेकांचं बी मागून नेलं. कुणी रान बघायला आलं की सासू पुढं व्हायची आणि सुनेचं कौतुक सांगून सांगून त्याला दमवायची.

असं सगळं गाव पोटभर जेवलं आणि निवांत झोपलं. आता तुम्हीही डोळे मिटा बघू.